कॉमेट अ‍ॅसे: कंट्रोलच्या पेशींनाच शेपूट येतेय

तळोजा_टॉक्स:
कारखान्याच्या सांडपाण्याची जनुकविषाक्तता (डीएनएला होणारी इजा) हेपजी-२ या माणसाच्या यकृताच्या पेशींवर तपासतोय, अल्कलाइन कॉमेट अ‍ॅसेने: काचेवरच्या जेलमधल्या पेशीतला तुटलेला डीएनए विजेने ओढला की धूमकेतूसारखी शेपूट दिसते. अडचण अशी की नुसत्या मीडियमवरच्या (पोषक द्रवातल्या) कंट्रोलमध्येच टेल डीएनए (शेपटीतला डीएनए) २५-३० टक्के येतोय, मग नमुन्याचा परिणाम त्यात दिसणार कसा? ट्रिप्सिन (पेशी सोडवायला) ५ मिनिटं, लायसिस (पेशी विरघळवणं) रात्रभर ४ अंशांवर, अनवाइंडिंग (अल्कलीत डीएनएचे धागे उलगडणं) ४० मिनिटं, मग इलेक्ट्रोफोरेसिसच्या टाकीत २५ व्होल्टवर ३० मिनिटं. टाकी टेबलावर उघडीच असते. शिवाय पावसाळा सुरू झाल्यापासून काचेवरून जेल सुटतंय.

ऐरोलीकर:
आधी दोष पेशींत आहे की टाकीत, ते ठरवा. संमती घेऊन निरोगी माणसाच्या बोटातलं ५ मायक्रोलिटर ताजं रक्त त्याच दिवशी, त्याच टाकीत चालवा. त्यातही लांब शेपट्या आल्या तर दोष बफरचा किंवा टाकीचा. रक्त स्वच्छ निघालं तर पेशींची हाताळणी तपासा.

माझा संशय टाकीवर. २५ व्होल्ट हा आकडा मोठ्या टाकीसाठी लिहिलेला असतो. लहान टाकीत तेवढ्यानेच जेलवर कितीतरी जास्त ताण पडतो. दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर धरून भागाकार करू नका. टाकीत स्लाईड ठेवायच्या ओट्यावर द्रवाचा थर उथळ, म्हणून बहुतेक व्होल्टेज तिथेच खर्च होतं. ओट्याच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटरच्या सुया बुडवून मोजा (हातमोजे घालून, सुयांच्या उघड्या टोकांना हात न लावता) आणि सेंटिमीटरला ०.७ ते १ व्होल्ट ठेवा. ३०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट आणायचा तो बफर थोडा काढून किंवा घालून.

आणि टाकी टेबलावर नकोच. बफर (३०० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच १३ च्या वर) ४ अंशांवर थंड करा, टाकी कोल्ड रूममध्ये किंवा बर्फात. बफर गरम झाला की डीएनएतल्या अल्कलीला नाजूक असलेल्या जागा जास्त तुटतात आणि शेपूट विनाकारण वाढते. अनवाइंडिंग २० मिनिटांवर आणून बघा.

जेल_आणि_बफर:
ट्रिप्सिन ५ मिनिटं जास्त वाटतं. ०.०५ टक्के, २ मिनिटं. पेशी सुटायला लागल्या की लगेच सीरम असलेलं मीडियम, मग बर्फावर. पिपेटने जोरात खालीवर करू नका. पुढचं सगळं मंद पिवळ्या उजेडात. लो-मेल्टिंग अगारोज (पेशी मिसळायचं जेल) ३७ अंशांवर येऊ द्या. वितळवल्या वितळवल्या पेशी घातल्या तर नुकसान तिथेच होतं.

जेल सुटण्याचं कारण प्री-कोट. १ टक्का साध्या अगारोजचा थर दिल्यावर काच हवेत वाळवता ना? जुलैच्या दमट हवेत तो वरून कोरडा दिसतो, आत ओलाच राहतो. मग लायसिसमध्ये आधी कडा पांढुरकी होऊन उचलते आणि नंतर अख्खा थर सरकतो. काच आधी अल्कोहोलने पुसा, थर ३७ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा आणि सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवा.

लायसिस रात्रभर चालेल, पण सगळ्या स्लाईड्सना सारखाच वेळ द्या. ट्रायटन (लायसिसच्या द्रावणातलं डिटर्जंट) त्याच दिवशी मिसळायचं.

कोपरखैरणे_सायटो:
कंट्रोल सुधारला तरी सांडपाण्याचे सापळे वेगळेच. नमुन्याचा पीएच आणि ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मीडियमइतकी करा, नाहीतर क्षारांच्या ताणाने तुटलेला डीएनए प्रदूषणाच्या नावावर जाईल. कंट्रोलमध्ये तेवढंच शुद्ध पाणी, त्याच फिल्टरमधून गाळलेलं. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरवर कणांना चिकटलेली रसायनं अडकतात, हेही नोंदवा. जिवंत पेशी ७० टक्क्यांखाली गेल्या तर ती मात्रा सोडा. मरणाऱ्या पेशींची शेपूट जनुकविषाक्ततेचा पुरावा नाही.

पॉझिटिव्ह कंट्रोल (डीएनए नक्की तोडणारा) दर वेळी हवाच: ५० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड, बर्फावर ५ मिनिटं.

शेपूट आखूड म्हणजे नमुना निर्धोक, असंही समजू नका. फॉर्मॅल्डिहाइड डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना जखडतं, त्यामुळे शेपूट उलट कमी होते. शंका आली तर नमुन्यानंतर पेरॉक्साइड द्या. नुसत्या पेरॉक्साइडपेक्षा शेपूट आखूड आली तर क्रॉसलिंक (अशी जखडण) शोधा.

तळोजा_टॉक्स:
मल्टिमीटर आणि रक्त, दोन्ही याच आठवड्यात करतो. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप खारघरला आहे, स्लाईड ओल्याच न्याव्या लागतील का?

जेल_आणि_बफर:
नाही. जेलमधली अल्कली न्यूट्रलाइझ झाल्यावर ५ मिनिटं थंड अल्कोहोलमध्ये बुडवा, सपाट ठेवून पूर्ण वाळवा आणि सिलिकासकट बंद डब्यातून न्या. रंग तिथे पोहोचल्यावर द्या. स्लाईडवर सांकेतिक क्रमांक मात्र इथूनच दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या, म्हणजे मोजणाऱ्याला कंट्रोल कुठला ते कळणार नाही.