जुनी इनलाइन असेम्ब्ली: कोड सुधारायचा की कंपायलर गोठवायचा?

सोल्डरवाला, वरुड
संत्र्याच्या बागांत मोटारीच्या स्टार्टरजवळ आपले एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड लावलेत, मातीचं तापमान बघायला डीएस१८बी२० सेन्सर. कोड लिहिणारा पोरगा पुण्याला नोकरीवर गेला. यंदा नव्या लॅपटॉपवर नवा एव्हीआर-जीसीसी (सी कोड या चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर) टाकला, तोच कोड चढवला, आणि ऐन मे महिन्यात वरुडात तापमान उणे ०.०६! म्हणजे सेन्सरकडून सगळे बिट १ वाचले जातायत. कंपाइल करताना ना एरर, ना वॉर्निंग. माझं म्हणणं, सी कोडात मधेच घातलेल्या असेम्ब्लीच्या (चिपच्या थेट सूचनांच्या) ओळी दुरुस्त कराव्या, जुना कंपायलर कवटाळून बसू नये. बोला.

पराटी
काहून गा भाऊ? जुन्यावर चालत होतं ना? मंग तोच ठेव. मी तं जुना आयडीई, कंपायलर, लायब्ऱ्या, सगळं झिप करून पेनड्राइव्हवर ठेवलं हाय. आपल्या इकडं लाइन येते रात्री. विहिरीवर जा, बोर्ड काढा, घरी आना, फ्लॅश करा, परत लावा... कायले? नवा कंपायलर कापसाले भाव देनार हाय का?

सोल्डरवाला, वरुड
भाव नाही देणार, पण आधी कोड तर पाहा. डिलेचा साधा लूप आहे: रजिस्टरमधला (चिपच्या आतल्या छोट्या कप्प्यातला) आकडा एकेक कमी करायचा, शून्य होईस्तोवर मागे उडी. फेरीला ३ सायकल; १६ मेगाहर्ट्झवर ३२ फेऱ्या म्हणजे ६ मायक्रोसेकंद. गोम अशी की तो आकडा ऑपरँडच्या यादीत (असेम्ब्ली कुठली मूल्यं वाचते, कुठली बदलते हे कंपायलरला सांगणाऱ्या) फक्त इनपुट म्हणून लिहिलाय. असेम्ब्लीच्या आत काय चाललंय ते जीसीसी वाचत नाही, यादीवर विश्वास ठेवतो. इनपुट म्हटलंय, म्हणजे बदललं नसणार.

जुन्या सेटिंगमध्ये ते फंक्शन वेगळं राहायचं, दर वेळी ३२ नव्यानं भरला जायचा. आता लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन (फाइली जोडताना सगळा कोड एकत्र आवळणं) चालू, फंक्शन इनलाइन झालं (कॉलऐवजी त्याचा कोड जागीच चिकटवला गेला), आणि दुसऱ्या डिलेला कंपायलरनं तेच रजिस्टर वापरलं. त्यात उरलंय शून्य. शून्यातून एक गेला की २५५, म्हणजे एकूण २५६ फेऱ्या, जवळपास ४८ मायक्रोसेकंद. सेन्सरचा बिट तर स्लॉट (एका बिटासाठीची ठरलेली वेळ) सुरू झाल्यापासून १५ मायक्रोसेकंदांच्या आत वाचावा लागतो. यात कंपायलरचा काय गुन्हा? ऑपरँडला अधिकचं चिन्ह लावून 'वाचतो आणि बदलतोही' असं सांगितलं की जुन्यावरही चालतं, नव्यावरही.

शिकवणीवाला, यवतमाळ
आणि मुळात इथं असेम्ब्ली हवी कशाला? एव्हीआर-जीसीसीत नेमके सायकल मोजून थांबणारं बिल्टइन (कंपायलरमध्येच असलेलं फंक्शन) आहे, एव्हीआर-लिबसी या सी लायब्ररीचा डिले तेच वापरतो. आकडा स्थिर हवा, इंटरप्ट (मधेच घुसणारी कामं) बंद हवेत, बस. पराटीभाऊ, पॉलिटेक्निकची पोरं नेटवरून ताजंच उतरवतात, तुमचा पेनड्राइव्ह त्यांच्यापर्यंत कसा जाणार? लूपला नावाचं लेबल असेल तर फंक्शन दोन जागी इनलाइन झालं की 'लेबल आधीच आहे' म्हणून असेम्ब्लर ओरडतो. आकड्याचं लोकल लेबल लावलं की ओरड बंद.

बाकी, प्रत्येक वेळी कोडच खोटारडा असतो असंही नाही. २०२२ च्या बिनयुटिल्स २.३८ पासून (यातच असेम्ब्लर येतो) रिस्क-व्ही या दुसऱ्या जातीच्या चिपांचा डीफॉल्ट स्पेक बदलला. सीएसआर (नियंत्रण आणि स्थितीची रजिस्टरं) वाचण्याच्या सूचना मूळ संचातून निघून झेडआयसीएसआर या वेगळ्या विस्तारात गेल्या. कालपर्यंत बिनचूक असलेली ओळ 'अनोळखी ऑपकोड' ठरली.

पराटी
पाय! तूच बोलला. कोड खरा, यादी खरी, तरी मोडलं. मंग गोठवलं तं काय वाईट?

सोल्डरवाला, वरुड
तिथं एरर आला ना? एम-आर्च पर्यायात (कंपायलरला चिपचा सूचनासंच सांगणाऱ्या) झेडआयसीएसआर जोडलं की काम झालं. मोडलेलं समोर दिसतं ते स्वस्त पडतं. माझा बोर्ड गुपचूप उणे तापमान दाखवत होता, त्याचं काय?

कोरडवाहू
दोघंही एक वाट सोडताय. असेम्ब्ली सी-मधून उचला, वेगळ्या एस फाइलीत (निव्वळ असेम्ब्लीच्या) टाका. मग कंपायलर आत ढवळाढवळ करत नाही, फक्त कॉलिंगचे नियम पाळायचे: आर२ ते आर१७, आर२८, आर२९ ही रजिस्टरं जशीच्या तशी परत द्या, आर१ शून्य ठेवा. कॉल आणि रिटर्न मिळून ८ सायकल, म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद. या सेन्सरला तेवढ्यानं काही होत नाही.

सोल्डरवाला, वरुड
सेन्सरला चालेल. डब्ल्यूएस२८१२ च्या एलईडी पट्टीला अख्खा बिटच २० सायकलचा. तिथं दर बिटाला कॉल केला तर संपलं.

कोरडवाहू
दर बिटाला कोण सांगतंय? पूर्ण लूपच त्या फाइलीत घाला, कॉल एकदाच.

पराटी
बरं, विहिरीवरचे चालू बोर्ड मी काढनार नाई म्हंजे नाई. नवा बनवीन त्यात बिल्टइन डिले टाकतो, तेवढं कबूल. पन पेनड्राइव्ह फेकनार नाई.

सोल्डरवाला, वरुड
फेकू नको बाप्पा, उलट त्यातला जुना कंपायलर पाठव. दोन्हींचं डिसअसेम्ब्ली (तयार मशीन कोडातून परत काढलेली असेम्ब्ली) शेजारीशेजारी लावून बघायचंय, अशी अजून किती इनपुटं आत बदलली जातायत ते.