उत्तर: रोझरीला वेळ मिळत नाही

'नोकरी-प्रवासात रोझरी (माळेवर म्हणायची कॅथलिक प्रार्थना) अर्धवट राहते आणि मग अपराधी वाटतं,' हे प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं मला पटतं, पण पूर्ण शांतता मिळेपर्यंत थांबू नका. मी वसईहून धीम्या लोकलने बोरिवलीला जातो. नायगाव, भाईंदर, मीरा रोड, दहिसर, बोरिवली: स्टेशनं पाच, रहस्यंही (प्रार्थना म्हणताना मनन करायचे येशू आणि मरियेच्या जीवनातले प्रसंग) पाच. एका रहस्याला तीन-चार मिनिटं लागतात. माळ खिशातच असते, नाहीतर बोटांवर मोजतो. भाईंदरच्या खाडीवर वारा लागला की आजारी आईचं नाव घेतो. तेवढ्यात मोजणी चुकते, चुकू दे.

गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, म्हणजे येशूच्या जाहीर कार्यातले पाच प्रसंग, म्हणतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती २००२ साली सुचवली. काना गावच्या लग्नाचं रहस्य त्यातच आहे; तिथे द्राक्षारस संपल्यावर मरियेने यजमानांची अडचण येशूला सांगितली, आणि घरच्या काळजीत मला तेच सगळ्यात जवळचं वाटतं.