ऑफग्रिड सोलर: वर्षाची सरासरी धरून साइझ काढला तर चालतो का?

प्रश्न:
मंडळी, ऑफग्रिड सिस्टीमचा साइझ काढतोय, ग्रिड (वीज कंपनीची लाइन) नाहीच आणि जनरेटरही ठेवायचा नाहीये. रोजचा लोड ३ युनिट. नासा पॉवरच्या (नासाची ऊन-हवामानाच्या डेटाची साइट) डेटात वर्षाची सरासरी ५ पीक सन अवर्स (दिवसभराचं ऊन म्हणजे पूर्ण कडक उन्हाचे किती तास) दिसतेय, लॉसेस जाऊन ७०% हातात येतं असं धरलं तर ५ चे ३.५, आणि ३ भागिले ३.५ म्हणजे ८६० वॉटच्या आसपास, म्हणून १ किलोवॉट पॅनल आणि दोन दिवसांची बॅटरी म्हणजे ६ युनिट. हिशोब बरोबर आहे का?

उत्तर १:
वर्षाची सरासरी धरूच नका हो. कडक उन्हाच्या महिन्यात बॅटरी दुपारीच फुल होते, पुढची वीज वाया जाते, ती काय ढगाळ महिन्यासाठी ठेवता येत नाही. सगळ्यात वाईट महिना घ्या. तिथे ३ तास निघाले तर ३ भागिले २.१, म्हणजे १.४३ किलोवॉट. आणि तो ५ चा आकडा आडव्या पृष्ठभागाचा आहे की तिरक्या पॅनलचा, तेही बघा.

उत्तर २:
वरचं बरोबर, पण महिन्याची सरासरी पण फसवते, कारण खरा त्रास सलग ढगाळ दिवसांचा असतो आणि सरासरीत ते दिसतच नाहीत. नासा पॉवरवर सोलरचा रोजचा डेटा १९८४ पासूनचा आहे, तो स्प्रेडशीटमध्ये घ्या आणि एकच फॉर्म्युला खाली ओढा: कालची बॅटरी अधिक आजची निर्मिती वजा वापर, ६ च्या वर जाऊ द्यायचं नाही, शून्याच्या खाली गेलं की तो दिवस फेल. १.५ किलोवॉट धरा, ढगाळ दिवशी १ तास मिळाला तर १.०५ युनिट बनतं, रोज जवळपास २ ची तूट, तिसऱ्या रात्री बॅटरी संपली. नंतर ४ तासांचं ऊन आलं तरी रोज शिल्लक १.२ युनिट, म्हणजे फुल व्हायला ५ दिवस, आणि मधेच परत ढग आले की संपलंच. फेल दिवस किती चालतील ते तुम्ही ठरवा. टीएमवाय फाइल (टिपिकल मीटिऑरॉलॉजिकल इयर, म्हणजे हवामानाचं एक 'नेहमीसारखं' वर्ष) यासाठी नको, ती वेगवेगळ्या वर्षांतले नेहमीसारखे महिने जोडून बनवतात, वाईट आठवडे त्यात गळून जातात.

प्रश्नकर्ता:
मग बॅटरीच डबल करू का?

उत्तर २:
आधी पॅनल वाढवून बघा. २ किलोवॉट केलेत तर त्याच उन्हात शिल्लक २.६ युनिट, तिसऱ्या दिवशी बॅटरी फुल. पॅनल कमी ठेवून बॅटरी वाढवली तर ती भरणार कशी? आणि ते ६ युनिट वापरण्याजोगे हवेत, लेड ॲसिडला ५०% डिस्चार्ज धरला, म्हणजे अर्धीच बॅटरी वापरायची, तर १२ युनिटची बॅंक लागते.

उत्तर ३:
इन्व्हर्टरचा स्वतःचा खप लोडमध्ये धरलाय का? नुसता चालू राहायला २० वॉट खात असेल तर दिवसाला ४८० वॉट-अवर, म्हणजे तुमचे ३ युनिट साडेतीनला गेले. शिवाय सॅटेलाइट डेटाला शेजारच्या झाडाची सावली कळत नाही, ती जागेवर उभं राहूनच बघावी लागते, सूर्य सगळ्यात खाली असतो त्या महिन्यात सकाळी आणि चारच्या सुमाराला.