ऑनलाइन अर्जाच्या चौकटीत रेझ्युमे पेस्ट केला की सगळं विस्कटतं

कोरी_पाटी:
वर्डमध्ये दोन पानी रेझ्युमे आहे. इंग्रजी भाग नेहमीच्या फॉन्टमध्ये, मराठी भाग कृतिदेव ०१० मध्ये. नोकरीच्या अर्जात फाइल जोडायची सोय नाही, ४००० अक्षरांची एक चौकट आहे. तिथे पेस्ट केल्यावर शिक्षणाचा तक्ता मोडतो, बुलेटच्या जागी चौकोन येतात, ठळक मथळे साधे होतात आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नाव आणि फोन नंबर तर येतच नाहीत. कुठून सुरुवात करू?

खिळेजुळारी:
मराठीपासून करा, बाकीचं त्यापुढे सोपं आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत देवनागरी नसतेच. 'मराठी' हा शब्द कृतिदेवमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशा रोमन अक्षरांत साठवलेला असतो, फॉन्ट त्यावर फक्त मराठी आकार चढवतो. चौकटीत फॉन्ट जात नाही, म्हणून खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. मजकूर कन्व्हर्टरने (फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनाने) युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणा आणि मग ओळ न् ओळ वाचा. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांत कन्व्हर्टर हमखास चुकतात. मजकूर पानभरच असेल तर इनस्क्रिप्ट (युनिकोड मराठी टाइप करायचा) कीबोर्डवर नव्याने टाइप करणं जास्त भरवशाचं.

अक्षरमर्यादाही नीट समजून घ्या. 'महाराष्ट्र' डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण काना आणि हलन्त वेगळे धरून युनिकोडमध्ये तो १० चिन्हांचा होतो. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीचं एकक) घेतं, म्हणून त्याचे ३० बाइट. फॉर्म बाइट मोजत असेल तर ४००० मध्ये मराठीची जेमतेम १३०० चिन्हं मावतात. म्हणून शेवटचं वाक्य तुटलं नाही ना, हे सबमिट करण्याआधी बघाच.

साधी_ओळ:
तक्ता आणि मथळ्यांबद्दल. चौकट फक्त चिन्हं आणि ओळी ठेवते. ठळकपणा, रंग, तक्ता, समास यांतलं काहीच टिकत नाही. तक्त्याच्या रकान्यांमध्ये फार तर टॅब उरतो आणि पुढे वेबपानावर त्याचीही बहुधा एकच मोकळी जागा होते. स्पेस मारमारून रकाने जुळवू नका, समोरच्याच्या पडद्यावर ते हलणारच. प्रत्येक पदवी एका ओळीत लिहा: बी.कॉम., पुणे विद्यापीठ, २०१८, ६७.४ टक्के. बुलेटऐवजी हायफन आणि एक स्पेस. इंग्रजीत मथळा कॅपिटलमध्ये चालतो. देवनागरीत कॅपिटल नाहीत, म्हणून मथळ्याआधी एक ओळ रिकामी सोडा, मथळा स्वतंत्र ओळीत लिहा आणि शेवटी अपूर्णविराम द्या.

नाव आणि फोन बहुतेक हेडरमध्ये (पानाच्या वरच्या कडेच्या वेगळ्या पट्टीत) असतील. कंट्रोल + ए दाबलं तरी हेडर-फूटर निवडले जात नाहीत. तो मजकूर पानाच्या मुख्य भागात आणा.

खिळेजुळारी:
वर्डमधून थेट पेस्ट करू नका. सेव्ह अ‍ॅजमध्ये 'प्लेन टेक्स्ट' निवडा. पुढच्या खिडकीत 'अदर एन्कोडिंग'मधून यूटीएफ-८ घ्या आणि 'इन्सर्ट लाइन ब्रेक्स'ची खूण काढून ठेवा. ती राहिली तर प्रत्येक ओळ मध्येच तोडली जाते आणि परिच्छेद कवितेसारखा दिसतो. मग फाइल नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त्या करा. सेव्ह करताना एन्कोडिंग 'अ‍ॅन्सी' (देवनागरी नसलेली जुनी पद्धत) असेल तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत मिळत नाहीत, म्हणून मूळ वर्ड फाइल जपून ठेवा.

वर्ड आपोआप घालतो ती वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब डॅश नोटपॅडमध्ये 'रिप्लेस' वापरून साधे करा. जुन्या प्रणालींत एका चिन्हाची तीन विचित्र चिन्हं होतात. रुपयाचं चिन्ह २०१० सालचं आहे, तेही काही ठिकाणी चौकोन दिसतं. 'रु.' लिहा.

कोरी_पाटी:
दुसऱ्या एका अर्जात पीडीएफ मागितली आहे. तिथे हे प्रश्न येणार नाहीत ना?

साधी_ओळ:
दिसायला येणार नाहीत, पण फॉर्म पीडीएफमधून मजकूर उपसून घेत असेल तर येतील. पीडीएफ उघडा, सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. काहीच आलं नाही तर ती नुसती स्कॅन केलेली प्रतिमा आहे. मराठीत वेलांट्या आणि जोडाक्षरं जागा सोडून आलेली दिसली तर वर्डची डॉक्स (.docx) फाइल चालते का ते बघा. दोन रकान्यांची मांडणी असेल तर डाव्या-उजव्या ओळी एकमेकींत मिसळतात, तेव्हा रेझ्युमे एकाच रकान्यात ठेवा.