मदत हवी आहे: ईआरए५ डेटाचे चंक बदलताना डास्कचे वर्कर बंद पडतात

नमस्कार.

पश्चिम घाटात अतिवृष्टी होते तेव्हा अरबी समुद्रावरून येणारे बाष्प नेमके कोणत्या उंचीवरून वाहत येते, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. त्यासाठी मी ईआरए५ हा पुनर्विश्लेषण डेटा (निरीक्षणे आणि हवामान प्रारूप जुळवून तयार केलेली वातावरणाची नोंद) वापरते. मोसमी वाऱ्यांचा मुख्य झोत सोमालियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे येतो, म्हणून २० अंश दक्षिण ते ४० अंश उत्तर आणि ४० ते १०० अंश पूर्व एवढा मोठा प्रदेश घ्यावा लागला. पाव अंशाच्या जाळीवर त्यात ५८,०८१ बिंदू येतात. १९८० ते २०२४ मधील जून ते सप्टेंबरचे तासागणिक आकडे, ३७ दाबपातळ्या (हवेच्या दाबानुसार ठरवलेल्या उंचीच्या पातळ्या) आणि तीन चलराशी (विशिष्ट आर्द्रता व वाऱ्याचे दोन घटक) धरल्या, तर एका चलराशीचे १.१३ आणि एकूण सुमारे ३.४ टेराबाइट होतात.

फायली नेटसीडीएफ-४ या स्वरूपात, महिन्याला एक अशा आहेत आणि प्रत्येक चंकमध्ये (एकत्र साठवल्या व वाचल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यात) एका तासाच्या सर्व पातळ्या आहेत. मला मात्र प्रत्येक बिंदूवर व प्रत्येक पातळीवर बाष्पवहनाचा ९५ वा शततमक (ज्याच्या खाली ९५ टक्के मूल्ये येतात ते मूल्य) काढायचा आहे. सरासरी हवी असती तर महिन्यामहिन्याच्या बेरजा काढून शेवटी जुळवता आल्या असत्या. शततमकाला ती सोय नाही. त्याला १,३१,७६० तासांची अख्खी मालिका एकत्र लागते, आणि एकाच बिंदूची मालिका वाचायची म्हटली तरी प्रत्येक तासाचा चंक उघडावा लागतो. उंचीनुसार बेरीज आधी करून घेतली तर डेटा ३७ पटींनी कमी होईल, पण माझा प्रश्नच उभ्या रचनेचा असल्यामुळे तो मार्ग बंद आहे.

म्हणून पूर्ण कालावधी, एक पातळी आणि १४ × १४ बिंदू असे सुमारे १०० मेगाबाइटचे चंक झार स्वरूपात (यात एरवी प्रत्येक चंकची वेगळी फाइल होते) लिहायचे ठरवले. असे चंक एका चलराशीला जवळजवळ १२ हजार होतात आणि प्रत्येक नव्या चंकला प्रत्येक जुन्या चंकमधला थोडा भाग लागतो. वाचताना एका दिवसाचा चंक धरला तर डास्कच्या (काम अनेक वर्करमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या प्रक्रियांमध्ये, वाटणाऱ्या पायथन लायब्ररीच्या) टास्क-ग्राफमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या आराखड्यात, साडेसहा कोटींच्या वर तुकडे होतात आणि कामे वाटणारा शेड्यूलर तिथेच अडकतो. महिन्याचा धरला तर तुकडे साडेएकवीस लाखांवर येतात, पण एकेक चंक ६.४ जीबीचा होतो. काही वेळाने लॉगमध्ये वर्करने ९५ टक्के मेमरी ओलांडल्याचा इशारा दिसतो, नॅनी (वर्करवर लक्ष ठेवणारी प्रक्रिया) त्याला पुन्हा सुरू करते आणि हाच प्रकार काही वेळा झाला की ‘किल्डवर्कर’ ही त्रुटी येऊन जॉब संपतो.

खरे कारण मला पुढे लक्षात आले. मेमरी ६०-७० टक्क्यांवर गेली की डास्क जास्तीचा डेटा डिस्कवर टाकतो, पण आमच्या क्लस्टरच्या (जोडलेल्या संगणकांच्या समूहाच्या) नोडना, म्हणजे त्यातल्या एकेका संगणकाला, स्वतःची डिस्कच नाही आणि तिथले टेंप फोल्डर मेमरीतच असते. म्हणजे डिस्कवर टाकलेला डेटा पुन्हा त्याच मेमरीत जाऊन बसतो. पी२पी पद्धतीचे रीचंकिंगही (वर्करनी तुकडे थेट एकमेकांना पाठवून डिस्कवर जुळवणे) याच कारणाने चालत नाही. ती जागा लस्टरवर (क्लस्टरच्या सामाईक फाइल-साठ्यावर) वळवता येईल, पण लाखो छोट्या फायलींमुळे फायलींची नोंद ठेवणाऱ्या मेटाडेटा सर्व्हरवर ताण येतो आणि इतरांची कामे मंदावतात, म्हणून क्लस्टर सांभाळणाऱ्यांची त्याला मनाई आहे, आणि ती मला रास्त वाटते.

आता दोन पर्याय दिसतात. पहिला, डास्क बाजूला ठेवून १९२ जीबी मेमरीच्या एकाच नोडवर एका वेळी पाच पातळ्या घ्यायच्या. एका चलराशीच्या एका पातळीला सुमारे ३०.६ जीबी लागतात, त्यामुळे हे बसते. पण चंकमध्ये सर्व पातळ्या एकत्र असल्याने आठ फेऱ्यांत आठ वेळा पूर्ण डेटा वाचावा लागेल. दुसरा, रीचंकर ही चंक बदलणारी लायब्ररी वापरून मध्ये एक तात्पुरती प्रत लिहायची, म्हणजे वाचन एकदाच होईल, पण तात्पुरती जागा आणि फायलींची संख्या दोन्ही वाढतील. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण तो मधेच थांबला तर फक्त तेवढीच फेरी पुन्हा चालवावी लागते.

लस्टरवर एवढ्या आकाराचे काम कोणी केले असेल, तर तात्पुरत्या प्रतीचे चंक किती मोठे ठेवले हे कृपया सांगावे. झारच्या तिसऱ्या आवृत्तीतील शार्डिंगने (अनेक चंक एकाच फायलीत, म्हणजे शार्डमध्ये, ठेवण्याने) फायलींची संख्या कमी होते असे वाचले आहे. अनेक वर्कर एकाच वेळी लिहीत असताना प्रत्येक वर्करला स्वतंत्र शार्ड देणे पुरते का, की आणखी काही काळजी घ्यावी लागते? तसेच मालिका एकत्र न करता प्रत्येक बिंदूचा बारीक वर्गांतराचा हिस्टोग्राम साठवून त्यावरून शततमक काढला, तर वर्गांतर किती लहान ठेवावे? हा डेटा आमच्या गटातील इतरांनाही लागणार आहे, म्हणून चंक एकदाच नीट बदलून ठेवावेत अशी इच्छा आहे. जॉबची स्क्रिप्ट आणि पूर्ण लॉग हवा असल्यास इथेच देईन.