कानाच्या लग्नातला चाकर कुरकुरला, असं म्हणावं का?

रांजणवाली
जय ख्रिस्त. गेल्या आठवड्यात घरगुती प्रार्थनासभेत मनन द्यायची माझी पाळी होती. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, काना नावाच्या गावातलं लग्न. द्राक्षारस संपतो, येशू चाकरांना दगडी रांजण भरायला सांगतो, पाण्याचा द्राक्षारस होतो. सगळ्यांना पाठ. म्हणून मी ते एका चाकराच्या तोंडून सांगितलं.

आपल्या मराठी बायबलात सहा रांजण आहेत, दोन-दोन तीन-तीन मण पाणी मावेल असे. मूळ ग्रीक मापानं हिशेब केला तर सगळे मिळून पावणेपाचशे ते सातशे लिटर. गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी डोळ्यापुढे आणा, आणि ती हंड्यानं भरायची आहे असं समजा. टँकरच्या गावात वाढलेय मी. पंधरा लिटरचा हंडा धरला तरी तिसेक खेपा कमीत कमी. विसाव्या खेपेला चुंबळ ओली होऊन डोक्यावरून सरकायला लागते, मान वाकडी करता येत नाही, आणि पायात काय रुततंय ते बघायचीही सोय नसते. तर माझा चाकर रिकामे रांजण बघून मनात म्हणतो, "पाहुणे रस मागतायत आणि हा पाणी भरायला लावतोय!"

सभा संपल्यावर एका वडीलधाऱ्या काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चाकर कुरकुरला हे कुठल्या वचनात आहे?" चहा होईस्तोवर कोणी बोललं नाही.

माझं म्हणणं एवढंच: नवव्या वचनात योहान स्वतः सांगतो की रस कुठून आला ते भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हतं, पाणी काढणाऱ्या चाकरांना होतं. बोट त्यानंच दाखवलंय. मी तिकडे बघितलं तर काय बिघडलं?

बिरुयाकर
काका बरोबर बोलले. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे मान्य.

ताई, बघायला कोणाचीच ना नाही. बघितलेलं आणि लिहिलेलं यांची सरमिसळ कशी होते ते सांगतो. येशूची शिष्या मग्दालीया मरीया. लूकच्या शुभवर्तमानात, ८:२ मध्ये, तिच्याबद्दल एवढंच आहे की तिच्यातून सात भुतं निघाली होती. वेश्या? एक शब्द नाही. पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१ च्या सुमारास एका प्रवचनात तिला लूक ७ मधल्या बिननावाच्या पापी स्त्रीशी आणि बेथानीच्या मरीयेशी जोडलं. ऐकायला गोष्ट गोड झाली. कॅथलिक पंचांगातून ही सरमिसळ निघायला १९६९ साल उजाडलं. पावणेचौदाशे वर्षं एका बाईच्या नावावर नको ते खपलं, आणि अजून कुठल्याही चर्चमध्ये दहा जणांना विचारा, काय उत्तर येतं ते बघा. पुनरुत्थित प्रभू योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्यांदा जिला दिसला ती ही बाई! तुमचा चाकर आज निरुपद्रवी आहे. तीस वर्षांनी कोणाचा तरी नातू सांगेल, "बायबलात लिहिलंय, चाकर कुरकुरले."

वसईची लेक
बिरुयाकर दादा, तुमच्या संडे स्कूलच्या नाताळ नाटकात धर्मशाळेचा मालक असतो की नाही? डोक्याला मफलर गुंडाळून मरीया-योसेफाला "जागा नाही!" म्हणून ओरडणारा? लूकमध्ये तो माणूसच नाही. "उतारशाळेत त्यांना जागा नव्हती", संपलं. त्यातही जो ग्रीक शब्द आहे तोच लूक २२ मध्ये शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी येतो, म्हणजे कोणाच्या तरी घरची पाहुण्यांची खोलीसुद्धा असू शकेल. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातल्या उतारशाळेला लूकनं वेगळाच शब्द वापरलाय. गाढवही नाही, आणि बाळ येशूला भेटायला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तीन होते असंही मत्तय म्हणत नाही. एवढ्या सगळ्याला वचन विचारायला कोणी उठत नाही. एक बाई बोलली की उठतात.

आमच्या कॅथलिकांत तर हे शिकवूनच करून घेतात. येशूसंघ (जेझुइट) स्थापणाऱ्या इग्नाती लोयोला यांचं 'अध्यात्मसाधना' हे पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं. ख्रिस्तजन्माच्या ध्यानात ते सांगतात, नासरेथ ते बेथलेहेम रस्ता डोळ्यांपुढे आणा. केवढा लांब, सपाट की चढउताराचा. गुहा केवढी, उंच की ठेंगणी. मग स्वतः एक गरीब, नालायक गुलाम होऊन तिथे उभे राहा आणि त्यांना काय हवं-नको बघा. रांजणवाली ताई, तुमचा चाकर तिथलाच हो! आणि फादर स्टीफन्स त्याच येशूसंघाचे. त्यांनी जुना-नवा करार मराठी ओव्यांत सांगितला, 'ख्रिस्तपुराण' नावानं १६१६ साली गोव्यात राचोलला छापला. वचनाबाहेर शब्द नको म्हटलं असतं तर ख्रिस्तपुराण झालंच नसतं.

बिरुयाकर
त्यांनी नाव काय दिलं? पुराण. शुभवर्तमान नाही. ओवी कानावर पडली की कळतं, कोणीतरी रचून सांगतंय. ताईंनी तसं आधी सांगितलं होतं का, हा माझा प्रश्न. नाटकाच्या मालकाचं तुमचं म्हणणं मात्र लागलं. यंदा मीच दिग्दर्शक आहे.

एक आई
मी इथे फारसं लिहीत नाही. उधळ्या पुत्राच्या, म्हणजे घर सोडून गेलेला मुलगा बापाकडे परत येतो त्या, दाखल्यावर एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्या उपदेशकांनी आईची कल्पना केली. दाखल्यात आई नाहीच. त्यांनी तिला रोज उंबऱ्यात रडत बसवलं, पोराचं ताट वाढून ठेवायला लावलं, आणि अखेर "आईच्या अश्रूंनी पोरगा परत आला" म्हणाले. बाया डोळे पुसत होत्या. माझा मुलगा घर सोडून गेला त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मी काय कमी रडले होते? त्या दिवसापर्यंत तो दाखला मला आधाराचा वाटायचा, कारण त्यात आईनं काय केलं आणि काय नाही याची कोणी चौकशीच करत नाही. रांजणवाली ताईंना बोल नाही लावत. कुरकुरणाऱ्या चाकरानं कोणाचं काय जाणार. पण रिकामी जागा दिसली की ती भरलीच पाहिजे असं नाही.

रांजणवाली
ताई, हे वाचून बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बिरुयाकर भाऊ, नाही, आधी सांगितलं नव्हतं. थेट "मी त्या घरातला चाकर" असं सुरू केलं होतं. परिणाम साधतो म्हणून. पुढच्या वेळी "आपण समजू या" म्हणून सुरुवात करीन. चाकर मात्र सोडणार नाही.

बिरुयाकर
सोडू नका. पण एक विचारू का? रांजण रिकामे होते हे कुठे लिहिलंय? लग्नघर, हातपाय धुवायचं पाणी, ते अर्धेअधिक भरलेलेही असतील. मग तुमच्या तीस खेपा?

रांजणवाली
आत्ता परत उघडून बघितलं. "काठोकाठ भरले" एवढंच आहे. रिकामे मी केले. आमच्याकडे ते नेहमी रिकामेच असायचे.