कोपराच्या आतल्या बाजूचे फ्लेक्सर (वाकवणारे) स्नायू वेगळे कसे ओळखावेत?

प्रथम वर्ष, नागपूर
मी नागपुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात आमच्या टेबलावर कोपराचे डिसेक्शन झाले. मनगट वाकवणारे स्नायू मीडियल एपिकॉन्डाइलपाशी (कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यापाशी) एकमेकांत इतके मिसळलेले होते की, एक कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे मला कळलेच नाही. शिवाय मीडियन आणि अल्नर या दोन्ही नर्व्ह (नसा) कुठल्या ना कुठल्या स्नायूच्या दोन हेड्समधून (उगमाकडील फाट्यांमधून) जातात, आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मी नेमकी त्यांचीच अदलाबदल केली.

जुना डेमॉन्स्ट्रेटर
वरच्या टोकाला ते वेगळे करण्याचा हट्ट धरू नका. तेथे त्यांची कंडरा खरोखरच सामाईक आहे. मनगटापासून वर चढा. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित वाकवले की मधोमध ताठ उभी राहते ती पामॅरिस लाँगस; तिच्या अंगठ्याकडील बाजूस फ्लेक्सर कार्पाय रेडियालिस, आणि करंगळीकडे, मनगटातल्या पिसिफॉर्म हाडाला जाऊन चिकटणारा फ्लेक्सर कार्पाय अल्नारिस. त्याच कंडरेतून निघणारा, तळहात पालथा करणारा प्रोनेटर टेरेस मनगटापर्यंत येतच नाही, तो रेडियसच्या (अंगठ्याकडील हाडाच्या) बाहेरच्या बाजूला मध्यावर संपतो.

एक सर्जन
नर्व्हचा घोळ एपिकॉन्डाइलवर बोट ठेवून सोडवावा. अल्नर नर्व्ह त्याच्या मागून जाते, म्हणूनच कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. मागून आलेली ही नर्व्ह फ्लेक्सर कार्पाय अल्नारिसच्या दोन हेड्समधून पुढे येते, आणि तो स्नायू व फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा (बोटे वाकवणाऱ्या खोल स्नायूचा) आतला अर्धा भाग असे जेमतेम दीड स्नायू सांभाळते. पुढचे बाकी सगळे फ्लेक्सर मीडियन नर्व्हकडे. ती क्युबिटल फोसात (कोपराच्या पुढच्या खळग्यात) ब्रेकियल आर्टरीच्या (दंडातल्या मुख्य धमनीच्या) आतल्या बाजूला असते व प्रोनेटर टेरेसच्या दोन हेड्समधून खाली उतरते. अल्नर आर्टरी मात्र प्रोनेटर टेरेसच्या खोल हेडच्याही खालून जाते, आणि परीक्षकाचा पुढचा प्रश्न बहुधा हाच असतो.

फिजिओथेरपिस्ट, काटोल रोड
संत्र्यांच्या तोडणीच्या दिवसांत याच सामाईक कंडरेच्या दुखण्याचे रुग्ण माझ्याकडे येतात. गोल्फची काठी कधी हातात न धरलेल्या माणसाला ‘गोल्फर्स एल्बो’ झाला आहे, हे समजावणे उपचारापेक्षा अवघड जाते. दुखते कोपर, पण तपासताना मी मनगट वाकवायला सांगून त्याला विरोध करतो, आणि कळ आतल्या उंचवट्यावर उठते.

प्रथम वर्ष, नागपूर
सर्वांचे आभार. अंगठा करंगळीला टेकवून पाहिले. उजव्या हातात पामॅरिस लाँगस स्पष्ट दिसते, डाव्या हातात ती नाहीच.

जुना डेमॉन्स्ट्रेटर
काळजी नको. कित्येकांना ती एका हातात नसते, काहींना दोन्ही हातांत नसते, आणि पकडीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. म्हणूनच तर सर्जन ती ग्राफ्टसाठी (दुसरीकडे जोडण्यासाठी) खुशाल काढून घेतात.